शून्यावरचे कुंकू

एका जंगलात पाणवठा एकच होता आणि कॅमेरे दोन होते.

मुलांनो, आधी कॅमेरे कशासाठी ते ऐका. त्या जंगलाचे राजे होते वाघमहाराज. सकाळी महाराजांची जीभ पाण्याला टेकेपर्यंत दुसऱ्या कोणी पाण्याला शिवायचे नाही, असा तिथे नियम होता. त्याला पहिल्या घोटाचा नियम म्हणत. तो कोणी केला हे कोणाला आठवत नव्हते. महाराजांनाही नाही. पण होता, म्हणून पाळायचा होता.

पूर्वी हे काम नुसत्या डोळ्यांनी चालायचे. कोणी जरा घाई केली तर महाराज त्याच्याकडे बघायचे. तेवढे पुरायचे.

मग जंगलात सुधारणा झाली. एक कॅमेरा महाराजांच्या तोंडासमोर बसवला. दुसरा काठावरच्या प्रजेसमोर. दोन्ही कॅमेऱ्यांच्या टेप रोज सकाळी भरू लागल्या. टेपवर एका सेकंदात पंचवीस चित्रे उमटतात. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात आणि प्रत्येक फ्रेमला आपला नंबर असतो. दोन्ही कॅमेरे एकाच वेळी, एकाच नंबरापासून सुरू होत. त्यामुळे महाराजांची जीभ कितव्या फ्रेमला टेकली आणि काठावरचे कोण कितव्या फ्रेमला ओले झाले, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येई.

मात्र टेप तशीच बघायची नसे. मशीनने ती कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायची आणि मग तिथे बघायची. कॉम्प्युटरमधल्या चित्रावर शिक्का उमटायचा. शिक्का असेल तो पुरावा. टेप म्हणजे कच्चा माल.

हे सगळे काम उंबराच्या एका ढोलीत चालायचे. खात्याचे प्रमुख सांबरसाहेब. साहेबांची शिंगे इतकी पसरलेली होती, की ती ढोलीच्या दारातून आत जात नसत. त्यामुळे साहेब दाराबाहेर उभे राहून खाते चालवत. आत काय चालते ते त्यांना नीट दिसत नसे, पण सही त्यांची असे.

आत काम करायची घोयरी.

घोयरा सरडा तुम्ही कुंपणावर पाहिला असेल. त्याचे दोन डोळे दोन वेगळ्या दिशांना फिरतात. घोयरी एक डोळा टेपच्या मशीनवर ठेवायची आणि दुसरा कॉम्प्युटरवर. म्हणून तिला ही नोकरी मिळाली होती. ती फार बोलत नसे. चारजणांनी एकदम तिच्याकडे बघितले की ती मागच्या भिंतीच्या रंगाची व्हायची. मग लोक म्हणायचे, "आत्ता इथे कोणीतरी होतं ना?"

मशीन दोन होती. जुन्यातून महाराजांची टेप उतरवली जाई. नवे मशीन प्रजेसाठी आणले होते. ते आले तेव्हा खंडेनवमी होती. उंबराखाली पाट मांडून मशीनची पूजा झाली. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. साहेबांनी स्वतः कुंकू लावले. ते मशीनच्या कपाळावर लावायचे होते, पण साहेबांचा खूर मोठा, त्यामुळे ते खाली एका छोट्या चकतीवर लागले.

त्या चकतीवर आकडे होते. मधे शून्य होते. कुंकू बरोबर शून्यावर बसले.

मशीनबरोबर एक माहितीपुस्तिका आली होती. तिच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते: 'वापरण्यापूर्वी फ्रेमचे नंबर जुळतात का ते तपासावे. जुळत नसल्यास चकती फिरवावी.' पण पुस्तिकेचीही पूजा झाली होती. ती लाल कापडात बांधून वर फळीवर ठेवली होती. पूजा झालेली वस्तू लगेच हाताळू नये, असे साहेबांचे मत होते.

असे सहा महिने गेले. चैत्र लागला.

पाणवठ्याच्या काठाला एक खळगा होता. त्यात एका बेडकीची पिल्ले होती. चौदा. अजून त्यांना पाय फुटले नव्हते, नुसत्या शेपट्या होत्या. उन्हाने खळग्यातले पाणी रोज थोडे आटायचे. बेडकी सकाळी आत उतरून काठची माती उकरायची आणि पिल्लांना मोठ्या पाण्याच्या जवळ जवळ नेत राहायची. उशीर करून चालत नसे. म्हणून महाराजांची जीभ टेकली रे टेकली, की ती उडी मारायची. सगळ्या प्रजेच्या आधी, पण महाराजांच्या नंतर.

एके दिवशी बगळेराव तक्रार घेऊन ढोलीपाशी आले. बगळेराव हे पाणवठ्याचे नियमपाल. ते एका पायावर उभे राहत. दुसरा पाय नियम मोडणाऱ्यांसाठी राखून ठेवला आहे, असे ते सांगत.

"मंगळवारची नोंद बघा," बगळेराव म्हणाले. "महाराजांची जीभ टेकली चारशे बाराव्या फ्रेमला. बेडकी पाण्यात पडली चारशे अकराव्या फ्रेमला. एक फ्रेम आधी!"

बेडकीला बोलावले.

"का गं, महाराजांच्या आधी उडी मारलीस?" सांबरसाहेबांनी विचारले.

"नाही हो साहेब. जीभ टेकलेली बघितली आणि मग मारली."

"कॉम्प्युटर तसं म्हणत नाही."

"कॉम्प्युटर होता का तिथे? मी होते."

"बाई, उलट बोलू नका," बगळेराव म्हणाले. "तेही नोंदलं जातं."

पहिल्या घोटाचा नियम मोडणाऱ्याला डोंगरमाथ्यावरच्या कातळावर पाठवत. चैत्रात बेडकीला कातळावर पाठवणे, यालाच त्या जंगलात हद्दपारी म्हणत. तिथून कोणी परत आले नव्हते. त्यामुळे शिक्षा परिणामकारक समजली जाई.

निकाल चार दिवसांनी लागायचा होता. तोपर्यंत बेडकीने पाणवठ्याजवळ यायचे नाही, असे ठरले.

"आणि माझी पिल्लं?"

"मी आहे ना लक्ष ठेवायला," बगळेराव म्हणाले.

बेडकीने सांबरसाहेबांकडे बघितले. साहेब सही करत होते.

घोयरी हे सगळे ढोलीतून ऐकत होती. तिला एक गोष्ट कळेना. ती रोज सकाळी एका डोळ्याने पाणवठा बघायची. बेडकी रोज एकाच वेळी उडी मारायची. महाराजांची जीभ, मग बेडकी. जीभ, मग बेडकी. मग कॉम्प्युटरला हे उलटे कसे दिसले?

तिने फळीवरची पुस्तिका काढली. लाल कापडाची गाठ कशी बांधली होती ते आधी नीट बघून ठेवले, आणि मग सोडली.

पुस्तिकेत सांगितले होते तसे तिने केले. एक कोरी टेप घेतली. तिच्या प्रत्येक फ्रेमच्या कोपऱ्यात त्या फ्रेमचा नंबर छापला. पहिल्या चित्रावर एक, दुसऱ्यावर दोन, असे हजारापर्यंत. मग ती टेप नव्या मशीनमध्ये घातली आणि मशीनला सांगितले, शंभरावी फ्रेम कॉम्प्युटरला दे.

घोयरीचा एक डोळा मशीनवर होता. तिथे शंभर आकडा होता. दुसरा डोळा कॉम्प्युटरवर होता. तिथे आलेल्या चित्रावर एकशे तीन छापलेले होते.

तिने पाचशे मागितली. पाचशे तीन आली.

तिने वीस वेळा मागून बघितले. वीसही वेळा मशीनने तीन पुढची फ्रेम दिली आणि मागितलेल्या नंबरानेच कॉम्प्युटरला नोंदवली. म्हणजे कॉम्प्युटर जिला चारशे अकरा म्हणत होता, ती खरी चारशे चौदावी फ्रेम होती. महाराजांची जीभ चारशे बाराला टेकली होती. त्यांची टेप जुन्या मशीनमधून गेली होती आणि जुने मशीन चुकत नव्हते.

बेडकी महाराजांच्या नंतर दोन फ्रेमनी पाण्यात पडली होती.

घोयरी दाराशी आली.

"साहेब."

"कोण? अगं, तू होय. काय आहे?"

"साहेब, नवं मशीन तीन फ्रेमनं सरकलंय."

साहेबांनी मान वळवून दोन्हीकडे बघितले. मान वळवायला त्यांना वेळ लागायचा.

"हळू बोल. ते निवडायच्या समितीत मी होतो."

"फार काही नाही करायचं. चकती शून्यावर आहे, ती वजा तीनवर ठेवायची. पुस्तिकेत लिहिलंय."

"चकतीवर काय आहे?"

"कुंकू."

"कोणी लावलंय?"

"तुम्ही."

"मग?"

घोयरीने जुन्या मशीनकडे एक डोळा फिरवला. मग म्हणाली, "निदान ती टेप जुन्या मशीनमधून उतरवून बघूया का? ते बरोबर चालतं."

"ज्या मशीनमध्ये महाराजांचं तोंड जातं, त्यात बेडकी घालू? काहीतरीच बोलतेस."

"मग मूळ टेपच लावून बघूया. मशीनच्या छोट्या पडद्यावर थेट दिसते. तिथले नंबर बरोबर आहेत."

"मूळ टेपवर शिक्का आहे का?"

"नाही."

"मग तिच्यावर जे आहे ते घडलंच कशावरून?"

हे ऐकून घोयरी उंबराच्या सालीच्या रंगाची झाली. पण जागची हलली नाही. साहेबांना ती दिसेना, तरी ती गेलेली नाही एवढे कळत होते, आणि त्यामुळे त्यांना फार अवघडल्यासारखे झाले.

"बरं बरं," साहेब सालीकडे बघून म्हणाले. "आपण रीतसर तपासणी करू. म्हणजे तुझंही समाधान. एखादी टेप घे. ती कॉम्प्युटरमध्ये उतरव. मग तिथून ती कोऱ्या टेपवर परत चढव. पहिली टेप आणि शेवटची टेप सारखी निघाली, तर मशीन अचूक."

"पण साहेब, परत चढवतानाही ते तीन फ्रेम उशिराच सुरू होतं. मी बघितलंय. दोनशेला सुरू कर म्हटलं की दोनशे तीनला लिहायला लागतं. म्हणजे घेताना तीन पुढचं उचलतं आणि ठेवताना तीन पुढे ठेवतं. शेवटी सगळं जिथल्या तिथेच येणार."

"बघ!" साहेब म्हणाले. "तूच म्हणतेस, जिथल्या तिथे."

घोयरी आत गेली. ढोलीच्या फटीतून पाणवठा दिसत होता. खळग्यातले पाणी बोटभर उतरले होते. काठाशी बगळेराव लक्ष ठेवत उभे होते. त्यांचे दोन्ही पाय खाली होते.

घोयरी बराच वेळ एका डोळ्याने खळग्याकडे आणि दुसऱ्या डोळ्याने टेपच्या ढिगाकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. साहेब दाराबाहेर उभे राहिले. "घे कुठलीही," ते म्हणाले. घोयरीने सहज हाताला आली ती टेप घेतली. ती सहज हाताला यावी म्हणून तिने ती आधीच सगळ्यांत वर ठेवली होती.

टेप कॉम्प्युटरमध्ये गेली. कॉम्प्युटरमधून कोऱ्या टेपवर आली. मूळ टेप आणि नवी टेप दाराशी ओढलेल्या मशीनच्या छोट्या पडद्यावर साहेबांना लावून दाखवल्या. फ्रेमला फ्रेम जुळली. एकही सरकली नव्हती.

साहेबांना इतका आनंद झाला, की त्यांनी प्रमाणपत्र तर लिहिलेच, शिवाय त्या नव्या टेपवरही स्वतःच्या खुराचा शिक्का उमटवला. 'तपासून पाहिले. अचूक आहे.'

"झालं समाधान?"

"हो साहेब," घोयरी म्हणाली.

चौथ्या दिवशी पाणवठ्याजवळच्या चिंचेखाली सगळे जमले. वाघमहाराज मधे बसले. ऊन चढले होते आणि महाराजांना झोप येत होती. सांबरसाहेब महाराजांपासून नऊ पावले लांब उभे राहिले. ते नेहमी तेवढ्या अंतरावरूनच बोलत. आदर म्हणून, असे त्यांचे म्हणणे होते.

बेडकीला मधे उभे केले. चार दिवसांत तिची कातडी खरखरीत झाली होती.

बगळेरावांनी कॉम्प्युटर लावला. शेजारी नवे मशीनही आणून ठेवले होते. डाव्या बाजूला महाराजांची जीभ. उजव्या बाजूला बेडकी. चारशे अकराला बेडकी पाण्यात. चारशे बाराला जीभ पाण्यात. वर चिंचेवरची माकडे एकमेकांना ढकलून बघू लागली.

"मागं घ्या, मागं घ्या! महाराजांची जीभ पुन्हा दाखवा!"

"गप्प बसा रे," बगळेराव ओरडले.

"एक फ्रेम म्हणजे किती?" महाराजांनी विचारले.

"सेकंदाचा पंचविसावा भाग, महाराज."

"तेवढ्यात मला शेपूट तरी हलवता येईल का?"

"नाही, महाराज."

"मग हिनं गुन्हा कसा केला?"

"तेच तर गंभीर आहे, महाराज."

महाराजांना हे पटले. त्यांनी बेडकीकडे बघितले. "तुला काही सांगायचंय?"

"माझी पिल्लं बघून येऊ का? मग पाठवा कुठे पाठवायचं ते."

"ते नियमात बसत नाही," बगळेराव म्हणाले.

तेवढ्यात चिंचेच्या खोडातून आवाज आला. "साहेब, मशीन अचूक आहे ना?"

सगळ्यांनी खोडाकडे बघितले. खोडावर कोणीच नव्हते.

"कोण आहे तिथे?" महाराजांनी विचारले.

"मी घोयरी, महाराज. टेपच्या खात्यातली."

"दिसत का नाहीस?"

"सगळे बघतायत म्हणून."

"अरे, बघू नका तिच्याकडे," महाराज म्हणाले. सगळ्यांनी माना फिरवल्या. माकडांनी बोटांच्या फटींतून बघितले. हळूहळू खोडावर एक हिरवी घोयरी दिसू लागली. तिच्या पोटाशी एक टेप होती.

"साहेब, मशीन अचूक आहे ना?" तिने पुन्हा विचारले.

"अर्थात!" सांबरसाहेब म्हणाले. "परवाच तपासलं. प्रमाणपत्र आहे."

"तपासलेल्या टेपवर तुमचा शिक्का आहे ना?"

"माझ्या स्वतःच्या खुराचा!"

"ही तीच टेप आहे. मंगळवारची, काठावरच्या कॅमेऱ्याची. महाराजांना दाखवू?"

घोयरीने टेप मशीनमध्ये घातली आणि फ्रेममागून फ्रेम पुढे नेली. चारशे अकरा. बेडकी दगडावर. चारशे बारा. बेडकी दगडावर. चारशे तेरा. बेडकी हवेत. चारशे चौदा. बेडकी पाण्यात.

माकडे फांद्यांवरून आणखी खाली वाकली.

"सांबरा," महाराज म्हणाले. "कॉम्प्युटर म्हणतो चारशे अकरा. टेप म्हणते चारशे चौदा. शिक्का दोन्हींवर आहे. मशीन चुकतं का?"

साहेबांनी नऊ पावलांची दहा केली. मशीन चुकते म्हणावे, तर समिती त्यांची, कुंकू त्यांचे, प्रमाणपत्रही त्यांचे.

"मशीन अचूक आहे, महाराज."

"मग ही टेप खरी?"

"खरी."

"मग बेडकी?"

"निर्दोष," साहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"अहो, मग कॉम्प्युटर खोटा का?" बगळेराव चिडून म्हणाले.

इथे सांबरसाहेब प्रमुख का होते ते सगळ्यांना कळले. ते शांतपणे म्हणाले, "खोटा कसा असेल? कॉम्प्युटरमधलं चित्र अजून अर्ध्या वाटेवर आहे. टेपवरून निघून टेपवर परत पोचल्याशिवाय पुरावा पूर्ण होत नाही."

महाराजांना हे फार आवडले. त्यांनी तिथल्या तिथे तसा नियम केला.

तो नियम लिहून होईपर्यंत बेडकी थांबली नाही. ती खळग्याकडे गेली. पाणी चिखलाएवढे उरले होते. तिने दोन्ही हातांनी माती उकरली आणि पिल्लांना मोठ्या पाण्यात ढकलले. ढकलताना ती मोजत होती.

पिल्ले अकरा भरली.

तिने पुन्हा मोजली. मग ती बगळेरावांसमोर येऊन उभी राहिली. "चौदा होती."

"बाई, मोजणीत तीनचा फरक पडतोच," बगळेराव म्हणाले. "आत्ताच सगळ्यांनी बघितलं की."

बेडकीने त्यांच्याकडे पाठ फिरवली. ती पाण्यात गेली आणि त्या दिवशी पुन्हा वर आली नाही.

त्यानंतर जंगलात एक नवीन विभाग निघाला. त्याचे नाव प्रदक्षिणा विभाग. रोज सकाळी पाणवठ्यावर वीस-पंचवीस जण महाराजांच्या आधी ओले झालेले दिसतात. मग त्यांना रांगेने ढोलीशी आणतात. त्यांची चित्रे कॉम्प्युटरमधून टेपवर परत चढवली जातात, आणि दुपारपर्यंत बहुतेक सगळे निर्दोष निघतात. महाराज म्हणतात, आपल्याइतका न्याय कुठल्याच जंगलात मिळत नसेल. सांबरसाहेबांना विभागाच्या स्थापनेबद्दल पानांचा हार घालण्यात आला. त्यांनी तो नंतर खाल्ला.

घोयरी आता त्या विभागाची प्रमुख आहे. तिने एकदा साहेबांना पुन्हा विचारून बघितले होते.

"साहेब, चकती तेवढी फिरवू का? म्हणजे हे काहीच करावं लागणार नाही."

"मग एवढा विभाग काय करेल?" साहेब म्हणाले.

बेडकीची अकरा पिल्ले मोठी झाली. त्यांना पाय फुटले. तीही सकाळी उडी मारतात आणि आईबरोबर रांगेत येऊन उभी राहतात. बगळेरावांनी एकदा सांगितले, की रांग मोठी असते, पिल्लांना तोपर्यंत माझ्याजवळ सोडत जा. बेडकी त्यांना हाताला धरूनच उभी करते. आत जाताना मोजते आणि बाहेर येताना मोजते.

दर खंडेनवमीला मशीनची पूजा होते. जुन्या कुंकवावर साहेब नवे कुंकू लावतात. आता त्याचा चांगला जाड थर झाला आहे. खाली शून्य आहे हे आता फक्त घोयरीच्या लक्षात आहे.

तात्पर्य: मशीन चुकत असेल तर ते दुरुस्त करायला जाऊ नये. ते दोनदा चुकेल अशी व्यवस्था करावी, म्हणजे सगळे जिथल्या तिथे येते. फक्त मधल्या वेळात पिल्ले मोजू नयेत.